नवा बॅकबोर्ड लावला तरी तडा तिथेच: घरच्या हूपला जुळणारा बोर्ड कसा निवडायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. घरच्या बास्केटबॉल हूपचा जुना बॅकबोर्ड (रिंगेमागची फळी) रिंगेजवळ तडकला म्हणून तेवढाच, ४४ इंची, नवा मागवला. हातात आल्यावर कळलं की मागची भोकं अर्ध्या इंचाने चुकतात. ड्रिल घरात होतंच. दोन भोकं नव्याने पाडली, दोन कानशीने लांबवली आणि बोर्ड बसवला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तडा, तोही जवळजवळ त्याच जागी. मग मालाला नावं ठेवून तिसऱ्या बोर्डाचा शोध सुरू होतो.

तिसरा घेण्याआधी थांबा. ४४, ४८, ५४ इंच ही मापं बोर्डाच्या तोंडाची आहेत आणि बोर्ड खांबाला जोडला जातो पाठीकडून. नुसती रुंदी सांगून बोर्ड मागवणं म्हणजे दाराची उंची सांगून बिजागरी मागण्यासारखं आहे. घरगुती हूपमध्ये पाठीच्या भोकांचं सर्वांनी मानलेलं असं माप नाही, त्यामुळे एकाच रुंदीच्या दोन बोर्डांची पाठ सारखी निघेलच असं नाही. आणि तडा वारंवार जात असेल तर दोष बहुधा बोर्डाच्या दर्जात नसतो. रिंगेचं ओझं मागच्या लोखंडी फ्रेमवर जायच्याऐवजी बोर्डाच्या शीटमध्ये शिरत असतं. ते तसंच ठेवलं तर कितीही बोर्ड बदला, गाडी तिथेच येऊन थांबणार.

जुना बोर्ड फेकू नका

तुटका बोर्ड दोन कामांना लागतो: भोकांचा साचा काढायला आणि निदान करायला. तुकडे झाले असतील तर चिकटपट्टीने जोडून सपाट फरशीवर पालथा ठेवा आणि तडा कुठून निघाला ते पाहा. तडा संपतो कुठे याला फारसा अर्थ नाही, सुरू कुठे होतो याला आहे.

रिंगेच्या वरच्या दोन भोकांपैकी एकातून निघून तडा तिरका वर गेला असेल, तर ते रिंगेच्या ओझ्याचं काम. हिशोब सोपा आहे. रिंगेचा आतला व्यास सुमारे ४५ सेंमी, बोर्ड आणि रिंग यांच्यातलं अंतर १५ सेंमी, म्हणजे रिंगेचं पुढचं टोक बोर्डापासून ६० सेंमीवर. ६० किलोचं पोर त्या टोकाला लोंबकळलं आणि रिंगेच्या वरच्या-खालच्या बोल्टांत १० सेंमी अंतर असलं, तर तरफ सहापट होते. वरच्या दोन बोल्टांवर मिळून जवळपास ३६० किलोचा ओढा येतो, आणि हा नुसता लोंबकळण्याचा, उडी मारून पकडण्याचा नव्हे. खालच्या दोन बोल्टांवर तेव्हा जवळपास ताण नसतो. तिथे रिंगेची पाटी उलट बोर्डाला दाबत असते. म्हणून खालच्या भोकांशी सुरू झालेला तडा क्वचितच दिसतो.

तडे कडेच्या किंवा कोपऱ्यातल्या भोकांशी असतील तर रिंगेला दोष देऊ नका. तिथे ऊन कारणीभूत असतं. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०७ मिमी वाढतं. लोखंड फक्त ०.०१२ मिमी. ४४ इंची, म्हणजे १.१२ मीटरचा बोर्ड पहाटेच्या १५ अंशांपासून दुपारच्या उन्हात ५५ अंशांपर्यंत तापला, तर शीट ३ मिमीहून जास्त वाढते आणि मागची फ्रेम जेमतेम अर्धा मिमी. हा अडीच मिमीचा फरक कुठेतरी सामावला पाहिजे. भोक बोल्टाला घट्ट असेल तर तो भोकाच्या काठावर निघतो, रोज, एकदा या बाजूला आणि एकदा त्या.

बोल्टांभोवती केसांसारख्या बारीक रेषांचं जाळं दिसत असेल तर कुणीतरी तिथे रसायन लावलंय. थिनर, पेट्रोल, अमोनिया असलेला काच-क्लीनर यांनी हे होतंच, पण सगळ्यात फसवा गुन्हेगार म्हणजे नट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांवर टाकतात ते थ्रेडलॉकर. लोखंडाला ते उत्तम. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटवर ओघळलं की ताणाखाली असलेलं प्लास्टिक तिथून उकलायला लागतं. मऊ पीव्हीसीचे वॉशरही कालांतराने असाच त्रास देतात, कारण त्यांतलं मऊ ठेवणारं द्रव्य शीटमध्ये झिरपतं.

बाकीची दोन कारणं डोळ्यांना लगेच दिसतात. पृष्ठभाग पिवळट झालाय, नख घासलं की पांढरी भुकटी येते: ऊन खाऊन प्लास्टिक संपलंय. कडेच्या पट्टीखालून तांबूस ओघळ आलेत: फ्रेम गंजलीय. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि शीटला आतून ढकलतो, त्यामुळे अशा फ्रेमवर नुसती नवी शीट चढवण्यात अर्थ नाही.

मागवण्याआधी एक चाचणी

बोर्ड अजून खांबावर असेल तर उंची सर्वांत खालच्या टप्प्यावर आणा. एकाने रिंगेचं पुढचं टोक हाताने खाली दाबायचं (लोंबकळायचं नाही), दुसऱ्याने बाजूला उभं राहून बोर्डाच्या पृष्ठभागाला डोळा लावून बघायचं. रिंगेच्या वरच्या बोल्टांच्या आसपास शीट फुगून पुढे येताना दिसली, तर रिंग बोर्डाला टांगलेली आहे. उलट बोर्ड, आर्म (बोर्डाला खांबाशी जोडणारे लोखंडी दांडे) आणि खांब सगळं मिळून किंचित मान डोलावतंय आणि शीट सपाटच राहतेय, तर रिंगेचे बोल्ट मागच्या लोखंडात पोचलेत. दिसायला कठीण जात असेल तर दोन्ही वरच्या बोल्टांच्या अगदी वर एक सरळ फूटपट्टी आडवी धरा. तिच्या आणि शीटच्या मधली फट लगेच कळते.

पहिल्या प्रकारात नवा बोर्ड घेताना एकच अट सगळ्यांच्या वर ठेवा: रिंगेचे बोल्ट बोर्डातून आरपार जाऊन लोखंडी फ्रेममध्ये किंवा आर्ममध्ये घट्ट झाले पाहिजेत. फोटोत पाठ दाखवलेली नसेल तर पाठीचा फोटो मागा. रिंगेच्या जागेमागे नुसतं प्लास्टिक किंवा नुसती पातळ पत्र्याची चकती दिसली तर तो बोर्ड सोडून द्या, तोंडाने कितीही देखणा असला तरी.

मापं

आधी खांबावर किंवा तळाच्या टाकीवर मॉडेल क्रमांकाचं लेबल शोधा. त्याच मॉडेलसाठी उत्पादकाचा सुटा बोर्ड मिळत असेल तर तो घ्या आणि पुढचं सगळं विसरा. मात्र क्रमांक देऊनच मागा. नाव तेच आणि पाठ वेगळी, असं होऊ शकतं.

लेबल उडालं असेल तर टेप घ्या आणि मिलिमीटरमध्ये मोजा. इंचाच्या टेपवर 'जवळपास पाच' वाचलं जातं आणि तिथेच घोळ होतो. दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत हवं असतं, पण भोकाचा मध्य दिसत नाही. भोकं सारख्या व्यासाची असतील तर एका भोकाच्या डाव्या काठापासून दुसऱ्याच्या डाव्या काठापर्यंत मोजा. येणारं माप मध्य-ते-मध्यच असतं.

पाठीवर आर्मची जोडणी मोजा. आडवं अंतर सरळ आहे. खरी मेख उभ्या अंतरात आहे. उंची कमी-जास्त होणाऱ्या हूपमध्ये वरचे आर्म, खालचे आर्म, खांब आणि बोर्ड मिळून समांतरभुज चौकोन होतो. बोर्ड कोणत्याही उंचीला सरळ उभा राहतो तो याच कारणाने: समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात. खांबावरच्या दोन कण्यांमध्ये (आर्म ज्यांवर फिरतात त्या बोल्टांमध्ये) २५० मिमी असेल तर बोर्डाच्या बाजूलाही २५० मिमीच पाहिजे. तिथे २७५ मिमीचा बोर्ड कसाबसा बसवला, तर एखाद्या उंचीला तो ओळंब्यात येईल, पण वर-खाली केला की तोंड आभाळाकडे नाहीतर जमिनीकडे कलेल. मग लोक रिंगेखाली वॉशर कोंबून ती सपाट करायला जातात, आणि वॉशरच्या काठावर सगळा दाब एकवटून पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. आडव्या मापातला थोडा फरक जोडपट्टीने भागतो. उभ्या मापात तडजोड करू नका. (हूप एकाच उंचीचा, भिंतीला किंवा खांबाला पक्का असेल तर ही अट लागू नाही.)

रिंगेची भोकं त्या मानाने सोपी. प्रचलित मांडण्या मोजक्याच: ५ इंच रुंद आणि ४ इंच उंच, म्हणजे १२७ × १०२ मिमी, ५ × ५ इंच, म्हणजे १२७ × १२७ मिमी, आणि फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) पद्धतीच्या रिंगांची ११० × ९० मिमी. काही घरगुती संचांमध्ये रिंग स्वतःच्याच खास ब्रॅकेटवर बसते आणि ती भोकं यांतल्या कशाशीच जुळत नाहीत. तिथे बोर्ड आणि रिंग जोडीने बदलणं शहाणपणाचं. १२७ आणि ११० यांत १७ मिमीचा फरक आहे. तो कानशीने भरून निघत नाही, आणि भोक इतकं लांबवल्यावर वॉशरखाली बोर्ड शिल्लकच राहत नाही.

रिंगेच्या आणि आर्मच्या भोकांमधलं उभं अंतरही टिपून ठेवा. ते नव्या बोर्डात वेगळं असेल तर बोर्ड बसेल, पण खांबावरची उंचीची पट्टी खोटी बोलू लागेल. पट्टी १० फूट म्हणेल आणि रिंग ९ फूट १० इंचांवर असेल. खरं माप जमिनीपासून रिंगेच्या वरच्या काठापर्यंत ३.०५ मीटर. मोठ्या मैदानी बोर्डावर रिंगेचा वरचा काठ बोर्डाच्या खालच्या कडेपासून १५ सेंमीवर असतो. घरगुती लहान बोर्डांत हे अंतर बदलतं, तेव्हा त्या आकड्यावर विसंबून भोकं आखू नका.

बोल्टांकडेही नीट बघा. अनेक हूप इंची मापात बनवलेले असतात, म्हणजे अडीच सुती (५/१६ इंच, ७.९४ मिमी) किंवा तीन सुती (३/८ इंच, ९.५३ मिमी) बोल्ट. अडीच सुती आणि एम-८ (८ मिमीचा मेट्रिक बोल्ट) दिसायला जुळे भाऊ, पण अडीच सुतीच्या साध्या बोल्टाला इंचाला १८ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिमी, आणि एम-८ ला १.२५ मिमी. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे छान जातो, मग अडतो. अडल्यावर पाना लावून जोर केला की नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण आटे कापले गेलेले असतात. पहिल्या जोरदार डंकला (उडी मारून चेंडू वरून रिंगेत कोंबला की) तोच नट निसटतो. नट हाताने शेवटपर्यंत फिरला नाही तर तो त्या बोल्टाचा नाही.

वजन: खांबाचं मत विचारा

मोठा बोर्ड घ्यायचा मोह इथे आवरावा लागतो. ४४ × २८ इंची, ६ मिमी जाडीची अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची शीट पावणेसहा किलोच्या आसपास भरते. ५४ × ३३ इंची, १० मिमी अ‍ॅक्रिलिक पावणेचौदा किलो. ६० × ३६ इंची, १० मिमी टफन्ड काच साडेचौतीस किलोच्या वर. पूर्ण आकाराची ७२ × ४२ इंची, १२ मिमी काच सुमारे ५९ किलो. हे नुसत्या शीटचं वजन, फ्रेम वेगळी.

त्यात वारा मिळवा. ताशी ७२ किमीच्या वाऱ्याचा ४४ इंची बोर्डावर साधारण २४ किलोचा दाब पडतो, ६० इंचीवर ४१ किलोचा, आणि दोन्ही जमिनीपासून तीन मीटरवर. चाकांच्या टाकीवर उभा असलेला हूप या हिशोबात पहिला हरतो. टाकीत पाणी भरलंय की वाळू यानेही फरक पडतो. तेवढ्याच जागेत कोरडी वाळू पाण्याच्या साधारण दीडपट भरते. हलत्या टाकीच्या हूपवर मूळ बोर्डापेक्षा जड किंवा मोठा बोर्ड चढवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जमिनीत गाडलेल्या, ४ इंची किंवा त्याहून जाड चौकोनी खांबाला थोडी सूट आहे. तीन-साडेतीन इंची गोल, तुकड्यातुकड्यांत जोडलेल्या खांबाला नाही.

उंची बदलायला स्प्रिंग असेल तर आणखी एक गोष्ट. ती स्प्रिंग मूळ बोर्डाच्या वजनाला तोलून बसवलेली असते. जड बोर्ड लावला की तो प्रत्येक वेळी आपोआप खाली बसतो, हलका लावला की पिन काढताच वर उसळतो. दोन्ही वेळा बोटं मधे असतात.

कोणतं मटेरियल

आधी जुनं काय होतं ते ओळखा. एक बारीक तुकडा पाण्यात टाका: तरंगला तर पॉलिथिलिन. बुडाला तर त्याची पातळ चीप वाकवून बघा (डोळ्यांना चष्मा हवा): वाकून पांढरी पडली तर पॉलिकार्बोनेट, कट्कन तुटली तर अ‍ॅक्रिलिक.

लहान मुलांच्या, चेंडूने झोडपल्या जाणाऱ्या हूपला पॉलिकार्बोनेट योग्य. फुटत नाही, पण लवचिक असल्याने चेंडू मवाळ परत येतो आणि ओरखडे लवकर पडतात. अ‍ॅक्रिलिक कडक, चेंडूची उसळी चांगली, पण भोकाच्या काठाशी नाजूक. भोकं मनाजोगती नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. पॉलिथिलिन स्वस्त आणि चिवट, पण ऊन खाऊन वाकतं आणि उसळी मेलेली असते. टफन्ड काच खेळायला सगळ्यांत उत्तम, पण तिला एकही नवं भोक पाडता येत नाही. भोकं टफन करण्याआधीच पाडावी लागतात. नंतर ड्रिल टेकवलं की पूर्ण बोर्डाचे एका क्षणात दाणे होतात. म्हणजे काच घ्यायची तर तिची फ्रेम तुमच्या आर्मला जुळवायची, काच नाही.

कशाचाच मेळ बसत नसेल तर १८ मिमी मरीन प्लायचा बोर्ड करून घेणं हा कमीपणा नव्हे. ४४ × २८ इंचाला वजन सुमारे नऊ किलो, उसळी पातळ प्लास्टिकपेक्षा चांगली, आणि प्रत्येक भोक तुमच्या साच्यावरून. कापलेल्या चारही कडा आणि प्रत्येक भोकाची आतली भिंत रंगाने किंवा एपॉक्सीने बंद करायची, नाहीतर दोन पावसाळ्यांत थर सुटतात. बोल्ट अर्थातच लांब लागतात.

जुळत नाही, पण जुळवायचंय: जोडचौकट

बोर्डाला भोकं पाडण्याऐवजी मधे लोखंड घाला. ३५ × ३५ × ५ मिमीचे दोन अँगल उभे, आर्मच्या आडव्या अंतरावर, आणि रिंगेच्या वरच्या व खालच्या बोल्टांच्या रांगेत ५ मिमीच्या दोन आडव्या पट्ट्या त्यांना वेल्ड केलेल्या. अँगलमध्ये आर्मची भोकं, पट्ट्यांत रिंगेची. बोर्ड फक्त या चौकटीवर टेकतो. रिंग थेट चौकटीला धरते. गॅल्व्हनाइझ करून घेता आलं तर उत्तम, नाहीतर प्रायमर आणि दोन हात रंग, वेल्डवर जरा जास्तच.

आता खरी कळ: स्लीव्ह. रिंगेच्या प्रत्येक बोल्टावर, बोर्डाच्या भोकात बसेल असा लोखंडी नळीचा तुकडा घाला, बोर्डाच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी लांब. शीट ६ मिमी असेल तर स्लीव्ह ६.५ मिमी. पाना आवळला की रिंगेची पाटी, स्लीव्ह आणि चौकट ही लोखंडाची सलग साखळी घट्ट होते आणि शीट त्यात न चिरडता मोकळी राहते. ३६० किलोचा तो ओढा मग शीटला कळतच नाही. बोर्डातलं भोक स्लीव्हच्या बाहेरच्या व्यासापेक्षा ३ मिमी मोठं ठेवा, म्हणजे चारी बाजूंनी दीड मिमी, उन्हातल्या वाढीसाठी. कडेच्या भोकांनाही हेच.

बोल्टाची लांबी अंदाजाने घेऊ नका, बेरीज करा. रिंगेची पाटी ५, स्लीव्ह ६.५, पट्टी ५, दोन वॉशर मिळून ३.२, नायलॉन नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) ८ आणि बाहेर दोन आटे म्हणजे ३. एकूण ३०.७ मिमी. ३० चा बोल्ट नायलॉनच्या कड्यापर्यंत जेमतेम पोचेल आणि नट धरणारच नाही. ३५ चा घ्या.

भोकं पाडायचीच असतील तर

साचा जुन्या बोर्डावरून घ्या. पाठीवर मोठा कागद ताणून चिकटवा आणि शिसपेन्सिलीची बाजू आडवी घासत फिरा. भोकांचे काठ काळे उमटतात. कागदावर 'वर' आणि 'पाठ' असं मोठ्या अक्षरांत लिहा. हे न लिहिल्याने उलट-सुलट लागलेले बोर्ड कमी नाहीत.

शीटवरचा संरक्षक कागद काढू नका, खाली लाकूड घट्ट दाबून धरा, ड्रिल सावकाश चालवा. साधं धारदार बिट अ‍ॅक्रिलिकमध्ये स्क्रूसारखं आत घुसतं आणि पलीकडे निघताना टवका उडवतं. म्हणून बिटाची कापणारी धार दगडावर किंचित बोथट करून घ्या, म्हणजे ते खोदण्याऐवजी खरवडतं. भोक कडेपासून स्वतःच्या व्यासाच्या निदान दुप्पट अंतरावर असू द्या. शेवटी काठ ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आतून-बाहेरून गुळगुळीत करा. तडा नेहमी एखाद्या सूक्ष्म टवक्यातून जन्माला येतो, आणि ही पाच मिनिटं वाचवणारे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

उतरवणं आणि चढवणं

स्प्रिंगचा हूप असेल तर एकही नट सैल करण्याआधी आर्म दोरीने खांबाला बांधून टाका. बोर्डाचं वजन गेलं की आर्म झटक्यात वर जातात. हलत्या टाकीचा हूप शक्य तर जमिनीवर आडवा करूनच काम करा. काच असेल तर किमान तीन माणसं, आणि काच कधीही कोपऱ्यावर टेकवायची नाही: टफन्ड काचेचं मर्मस्थान तिची कड.

नवा बोर्ड चढवताना सगळे नट आधी नुसते हाताने लावा. बोर्ड ओळंब्यात आणा, रिंगेवर लेव्हल आधी डाव्या-उजव्या आणि मग पुढच्या-मागच्या दिशेने ठेवा, मगच तिरप्या क्रमाने आवळा. जिथे स्लीव्ह नाही तिथे वॉशर हाताने फिरेनासा झाला की आणखी पाव फेरा, बस. नायलॉन नट वापरले तर थ्रेडलॉकरची गरज पडत नाही. पुसायला साबणाचं कोमट पाणी पुरे.

दबणारी, स्प्रिंगची रिंग लावायचा विचार असेल तर हीच वेळ. अशा रिंगांची गरज मैदानावर ठळक झाली ती १९७९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेव्हा फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या अमेरिकी व्यावसायिक संघाच्या डॅरिल डॉकिन्सने तीनेक आठवड्यांत डंक मारून काचेचे दोन बोर्ड फोडले. पण घरच्या हूपवर ती लावून स्लीव्ह आणि चौकट टाळता येत नाही. अशी रिंग साध्या रिंगेपेक्षा जड असते, तिची पाटी जाड असते, त्यामुळे वरची बोल्टाची बेरीज पुन्हा करावी लागते.

बसवून झाल्यावर तीच दाबायची चाचणी पुन्हा करा, या वेळी शीट फुगता कामा नये. मार्करने प्रत्येक नटावरून शेजारच्या लोखंडावर एक रेघ ओढून ठेवा. दोन आठवड्यांनी पाहा. रेघ जिथे तुटलेली दिसेल तो नट सैल होतोय. तेवढाच काढा, नवा नायलॉन नट लावा. आणि टेप आणलीच आहे तर जमिनीपासून रिंगेपर्यंत मोजून खांबावरच्या जुन्या पट्टीशेजारी नव्या खुणा करून टाका.